नाक्याअलीकडे मोडलेली घडी

मोटार थांबली तेव्हा कौसा पडवीत ओला कापूस पसरत होती.

मार्गशीर्ष लागला तरी पाऊस हटायला तयार नव्हता. धो धो पडून मोकळा झाला असता तर गोष्ट वेगळी. हा आपला नुसता झिमझिम, कुरकुऱ्या म्हाताऱ्यासारखा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वेचणीला आलेला कापूस झाडावरच काळा पडत होता. खापर गावात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि कौसाच्या वडिलांच्या, पितांबर पाटलांच्या घरात तर ते गेली सात वर्षं नव्हतंच.

"कोनी शे का घरमा? पेट्रोल पाहिजे व्हतं!"

कौसा पदर सावरत बाहेर आली. निळ्या रंगाची, चिखलानं माखलेली मोटार पत्र्याच्या शेडसमोर उभी होती आणि एक तरुण ड्रायव्हर कोपरानं काच पुसत होता. खाकी कोट, भिजलेली टोपी, गालावर चिखलाचा एक शिंतोडा. तो शिंतोडा त्याला शोभत होता, असं कौसाच्या मनात आलं, आणि असं काही मनात आल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली.

"आबा वावरमा गयेल शेत. किती डबा?"

"दोन. पयलांदाव वाघझरले चालनू. रस्ता कसा शे?"

तो काळ संस्थानांचा. खापरच्या पुढे नदी, नदीपलीकडे नाका, आणि नाक्यापलीकडे वाघझरच्या राजाचा मुलूख. इकडे इंग्रजांचा कायदा, तिकडे राजाचा. मोटारवाल्याच्या दृष्टीनं नदी ओलांडली की परदेशच! त्या परदेशात पेट्रोल मिळत नसे, म्हणून पितांबर पाटलांच्या शेडपाशी थांबल्याशिवाय कुणाचीच मोटार पुढे जात नसे. डबे भरता भरता पाटील प्रत्येकाला चार सूचना देत. ऐकून ऐकून त्या कौसालाही पाठ झाल्या होत्या.

नरसाळं लावत ती म्हणाली, "नदीमा उतराना आगोदर पंखाना पट्टा काढी टाका. नही ते पानी उडी नि मोटार मधमाच बंद पडी."

"ते माले ठाऊक शे."

"ठाऊक व्हतं ते इचारं कसाले?"

ड्रायव्हर गालातल्या गालात हसला. "चुकनू. सांगा, सांगा..."

"बैलगाडी समोर उनी का इंजन बंद करा. तठला बैलसनी मोटार देखेल नही, बिथरतस. राजानी मोटार लाल शे. लाल मोटार देखी का बाजूले लागा, खाले उतरा नि हात जोडा. वाडासमोर भोंगा वाजाडू नका. नि दिवस बुडाना आगोदर नाकावर पोचा. एकदाव दांडी पडनी का मंग कोनलेच सोडत नहीत. तठलं घड्याळ आपला पुढे चालस."

"म्हंजे तठे दिवस आपलाथून आगोदर बुडस?"

"हाव."

"मंग तठली मानसं म्हातारी बी आगोदर व्हत व्हतीन!"

कौसा हसली. खरंच हसली – खळकन, मोठ्यानं. आत चुलीपाशी बसलेल्या फुईनं, म्हणजे पाटलांच्या बहिणीनं, भिकुबाईनं, मान वर करून पाहिलं असेल. या घरात असा आवाज ऐकायची सवय राहिली नव्हती.

"नि गाडीमा नवा कपडा शे का?" कौसानं विचारलं. "नवा कपडावर जकात शे. घडी मोडेल व्हई ते सोडी देतस."

ड्रायव्हरचा चेहरा एकदम पडला. त्यानं सीटवरचं एक बोचकं उचललं आणि हळूच उलगडून दाखवलं. आत हिरवंगार, जरीच्या काठाचं लुगडं होतं, नंदुरबारच्या दुकानातून तसंच करकरीत घडीनं आणलेलं.

"जकातनं काही नही... पण नाकेदार ते चारचौघसमोर उलगडी उलगडी देखी. शुभकामनं लुगडं शे. धा जनसना हात लागाले नको." तो घुटमळला. "आठे कोनी घडी मोडी दी का?"

यात नवल काहीच नव्हतं. खापरला हा रिवाजच पडून गेला होता. पलीकडे माहेरची, सासरची लुगडी न्यायची असली की रस्त्यालगतच्या घरातली एखादी सुवासीण ते नेसायची, तुळशीपर्यंत जाऊन यायची आणि परत घडी घालून द्यायची. नेसलेलं लुगडं जुनं. त्याला नाकेदार हात लावत नसे. या घरात ते काम कौसाची वहिनी करायची. पण वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती.

"वैनी नही घरमा," कौसा म्हणाली.

"मंग तूच मोडी दे ना." किती सहज म्हणाला तो! आणि तिच्या कपाळाकडे पाहून हसत पुढे म्हणाला, "कुंकू बी पावसामा धुवाई गयं तुन्हं. आतेच लाईसन ये."

कौसाच्या कपाळावर कुंकू नव्हतं ते पावसानं धुतलं म्हणून नव्हे. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तेराव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. त्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. आठवत होती ती फक्त मुंडावळ्यांमागची दोन घाबरलेली डोळ्यांची बुबुळं. त्यानंतर सात वर्षं ती या घरात होती. हळदीकुंकवाला मागच्या खोलीत बसायची, लग्नाच्या घरी पंगत उठल्यावर जायची, आणि कुणाच्या नव्या कपड्याला हात लावायची नाही. तिचे बोडके हात आत्ता पदराखाली होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं...

पण सात वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याकडे चारचौघींसारखी मुलगी म्हणून पाहिलं होतं. त्या नजरेचा मोह तिला आवरला नाही. तिनं लुगडं घेतलं आणि आत गेली.

जरीचा काठ पायाला लागला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आरसा नव्हता, म्हणून ती पाण्याच्या घंगाळात वाकून पाहू लागली. हिरवी, भरलेली, जिवंत अशी कुणीतरी बाई तिथं दिसत होती. कौसाला तिचा हेवा वाटला. मग ती दारापर्यंत आली, तुळशीपर्यंत गेली, आणि परत फिरताना तिची नजर त्याच्याकडे गेली.

तो पाहत होता. मग एकदम खाली पाहू लागला.

"चांगलं... चांगलं दिसस," तो पुटपुटला आणि उगाच टायरला लाथ मारून हवा तपासू लागला. "मन्ही बहीन सिंधूनं शे. तिले तठे वाघझरमा देयेल शे. सातवा लागना तिले. दोन दाव पोट खाली व्हयनं, यंदा कसं तरी... माय म्हने, हिरवं लुगडं धाड, तिनी ओटी भराले पाहिजे."

कौसा आत पळाली. घाईघाईनं लुगडं सोडलं, घडी घातली आणि बाहेर आणून त्याच्या हातात दिलं. सांगायचं होतं. नेऊ नका, जाळून टाका, असं ओरडायचं होतं. तिनं फक्त भरलेला डबा पुढे सरकवला.

"मी लोटन. शहादाना. शेठनी मोटार चालावस," तो म्हणाला. त्यानं हँडल मारलं, मोटार खडखडत सुरू झाली आणि झिमझिम पावसात नदीकडे उतरून दिसेनाशी झाली.

फुई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती स्वतः विधवा, त्यामुळे तिला ओरडायचा जोरही आला नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"सातवाना लुगडानी घडी तू मोडी, कौसे?"

"माले ठाऊक नव्हतं, फुई... शपथ! ठाऊक नव्हतं, कसानं लुगडं शे ते..."

"आते कोनले सांगू नको," फुई म्हणाली. "नि देवले सांग, तिनं चांगलं कर म्हनीसन."

त्या दिवसापासून कौसाच्या जिवाला घोर लागला.

लोटन आठ-पंधरा दिवसांनी येतच राहिला. त्याच्या शेठचा वाघझरमध्ये कापसाचा नि सागवानाचा व्यवहार होता. निळी मोटार दिसली की कौसा आबांच्या आधी नरसाळं उचलायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"बहीन कशी शे तुम्हनी?"

"बरी शे. पोर लाथा मारस म्हने."

मग तिचा जीव थोडा खाली पडायचा. लोटनला वाटायचं, किती माया आहे हिची! त्याला बिचाऱ्याला काय कळणार? पौषात त्यानं एकदा शहाद्याच्या बाजारातून गोडशेव आणली. तिनं त्याला दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, हुरडा भाजून दिला. तो शेडच्या खांबाला टेकून खात बसला. आभाळ अजूनही भरलेलंच होतं आणि थंडी अंगात शिरत होती.

"लाल मोटार देखी का काय करानं म्हने व्हतीस?"

"किती दाव सांगू? बाजूले लागानं, खाले उतरानं, हात जोडाना."

"नि निळी मोटार देखी ते?"

"ती देखी का मी घरमा चालनी जास."

"मंग आज काबरं नही गई?"

पेट्रोलचा डबा भरून वाहायला लागला तरी कौसाला कळलं नाही. त्यानं हात पुढे करून नरसाळं सरळ केलं. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली... आणि दोघांनीही हात काढून घ्यायला जरा उशीरच केला.

आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. कौसाला नाव ठाऊक नव्हतं. तिला इतकंच कळत होतं, की हा माणूस आला नाही की दिवस सरत नाही, आणि आला की खरं सांगायची भीती वाटते. मी विधवा आहे, हे एक सांगायचं. तुझ्या बहिणीच्या लुगड्याची घडी माझ्या हातानं मोडली, हे दुसरं. पहिलं सांगितलं की दुसरं त्याचं त्यालाच कळणार होतं. ती रोज ठरवायची आणि तो हसला की गप्प बसायची. मनात एकच हिशेब मांडला होता तिनं – सिंधूचं मूल सुखरूप जन्माला येऊ दे, मग सगळं सांगीन. मूल जगलं तर मी अपशकुनी नाही. मूल जगलं तर या माणसाकडे मान वर करून पाहायचा मला हक्क आहे.

शेवटी ते सांगितलं फुईनं. मुद्दाम नव्हे की मुद्दामच, कोण जाणे. लोटनची नजर तिनं ओळखली होती. एक दिवस ती काठी टेकत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, तुले कोनी सांगं नही व्हई. आमनी कौसाना मालक वारी गया. सात वरीस व्हयनात. पोर भोळी शे. तिले हसाडू नको."

लोटनच्या हातातला डबा कलंडला. पेट्रोलचा वास सगळीकडे पसरला. त्यानं कौसाकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं, आणि त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तो डबा तसाच टाकून मोटारीत बसला आणि गेला.

माघभर तो आला नाही.

इतर मोटारी आल्या. कौसानं प्रत्येकाला पंख्याचा पट्टा, लाल मोटार, बैलगाड्या सगळं सांगितलं. आवाज तिचाच होता, जीव मात्र त्यात नव्हता. त्याला घडी आठवली असणार, आता तो या रस्त्यानं यायचा नाही, असं तिनं मनाशी धरून टाकलं. राग त्याचा येत नव्हता. स्वतःचाच येत होता, आणि त्याहून जास्त त्या तेराव्या वर्षाचा.

फाल्गुनात एका दुपारी निळी मोटार परत आली. आभाळ पुन्हा भरून आलं होतं, वाऱ्यानं धूळ उडत होती. लोटन वाळला होता.

"घाईमा शे," तो उतरता उतरता म्हणाला. "सिंधूले लेवाले चालनू. दिवस भरनात तिना. तळोदाले दवाखाना शे, तठे ठेवसूत म्हंतं. शेठनी मोटार दिधी."

"मंग थांबू नका. जा."

"जास." पण तो हलला नाही. "महिनाभर मी मायशी भांडी ऱ्हायनू, कौसा."

"कसाले?"

"पाट लावना शे म्हंतं. तुन्हासंगे."

कौसाच्या हातून डब्याचं झाकण पडलं. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, त्यांच्या जातीत नवा नव्हता. गरीब घरात लागायचा. पाटलाच्या घरात लागत नसे, आणि कोवळ्या, बिनलग्नाच्या पोरानं विधवा करायची हे तर कुणी ऐकलेलं नव्हतं.

"माय म्हने, तू कवारा शेस, आगोदर रुईना झाडसंगे लगीन लावनं पडी तुन्हं. मंग पाट." तो कसंनुसं हसला. "मी म्हंतं, लावसू. रुई बोलत नही, इतलं बरं. कौसाना मायक सूचना ते देनार नही..."

कौसाला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. आता लपवून चालणार नव्हतं. ती खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ते हिरवं लुगडं, घंगाळात पाहिलेला चेहरा, घशात अडकलेला शब्द आणि दर खेपेला सिंधूची विचारपूस करण्यामागचं खरं कारण.

लोटन ऐकत राहिला.

"फुईनी सांगं तवयच माले समजनं," तो म्हणाला. "घाबरनू बी मी. खोटं काबरं बोलू? मायले मी आजून सांगं नही. पण कौसा, घडी मी मोडाले लाई. तू कोठे मांगं व्हतं?"

तिच्याशी सात वर्षांत कुणी इतकं मऊ बोललं नव्हतं. तो तिच्याशेजारी, कापसाच्या गाठोड्यावर बसला. शहाद्यातलं घर कसं आहे, मायचा स्वभाव कसा तापट पण मनानं चांगला, मोटार शेठची पण पुढेमागे आपली एक घेऊ... तो बोलत होता आणि ती ऐकत होती. मध्येच तिनं त्याच्या कोटाचं तुटकं बटण पाहिलं आणि सुईदोरा आणून ते लावून दिलं. घटकाभराचंच काम. आभाळ इतकं दाटलं होतं की ऊन कुठे आहे ते कळत नव्हतं.

मग तिच्या हातातली सुई थांबली. कोंबड्या खुराड्याकडे चालल्या होत्या.

"दिवस... दिवस कथा गया? लोटन, नाका! जा! जा लवकर!"

तो धावला. मोटार नदीकडे उतरली तेव्हा कौसा रस्त्याच्या मधोमध उभी होती. साऱ्या जगाला ती सांगायची, दिवस बुडायच्या आत पोचा, तिकडचं घड्याळ पुढे असतं. आणि आज तिनंच ते विसरावं?

नाक्याची दांडी पडलेली होती. लोटननं भोंगा वाजवला, हात जोडले, बहीण बाळंत व्हायची आहे म्हणून सांगितलं. नाकेदारानं उद्या या म्हणून सांगितलं. ती रात्र त्यानं दांडीच्या अलीकडे काढली. पहाटे दांडी उघडली आणि तो सिंधूच्या गावी पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कळा आदल्या संध्याकाळीच लागल्या. गावात एक म्हातारी सुईण. मुलगी झाली, पायाळू, आणि श्वास न घेताच गेली.

परतताना तो खापरला थांबला. मोटारीतून उतरला नाही.

"पोर गई," एवढंच म्हणाला. "सिंधू जित्ती शे."

कौसानं पाटीतलं उरलंसुरलं पीठ जसं झाडून काढावं तसं स्वतःला झाडून पाहिलं, आणि तिला दोनच गोष्टी सापडल्या. लुगड्यानं मूल गेलं असेल तर ते तिच्यामुळे. उशिरानं गेलं असेल तरी तिच्यामुळेच.

अशा गोष्टी लपत नाहीत. सिंधूच्या सासूनं घडी कुणी मोडली याची चौकशी केली, आणि होळीच्या आधीच खापरच्या बायका पितांबर पाटलांच्या घरावरून जाताना पदर तोंडाला लावू लागल्या. लुगड्याची घडी मोडायला कुणी त्या दाराशी येईना. पाटील मुलीला टाकून बोलले नाहीत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. फक्त एका सकाळी त्यांनी तिच्या हातातून नरसाळं घेतलं.

"आते तू बाहेर येऊ नको, पोरी. डबा मी भरसू."

आणि कौसा मागच्या खोलीत जाऊन बसली.

चैत्र सरत आला. ऊन तापू लागलं होतं, पण त्या घरात आभाळ होतं तसंच होतं. निळी मोटार येऊन थांबली तेव्हा कौसानं आवाज ओळखला आणि कान झाकून घेतले. मग बाहेरून एका बाईचा आवाज आला, अशक्त, पण ठाम.

"पानी दे वं कोनी, बाई. आतमा कोन शे?"

फुई वावरात होती. आबा डबे उचलत होते. पाणी द्यायला कौसालाच जावं लागलं. मोटारीत मागच्या सीटवर चादर लपेटून एक बाई बसली होती. लोटनसारखंच नाक, लोटनसारखेच डोळे, फक्त खोल गेलेले. माहेरी निघालेली सिंधू. पुढे लोटन मान खाली घालून बसला होता.

सिंधूनं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिनं कौसाचं कपाळ पाहिलं, हात पाहिले.

"कौसा तूच का?"

"हाव."

"घडी तू मोडी?"

"हाव. मीच मोडी." कौसानं मान वर केली. इतके दिवस तोंडात अडकलेलं आता सरळ बाहेर आलं. "तुम्हना भाऊले ठाऊक नव्हतं, मी कोन शे ते. माले ठाऊक व्हतं. मी सांगं नही."

लोटन मोटारीतून खाली उतरला. "सिंधू, तिले बोलू नको. लुगडानं काही नही. तुले मी सांगं नही आजूनलोंग... त्या दिवस मी आठे बठनू. हिन्हासंगे बोलत बठी ऱ्हायनू. म्हनीसन नाका बंद व्हयना. मी टाईमवर पोचतू ते तू तळोदाले ऱ्हाती. मन्हामुळे व्हयनं."

"यासनामुळे नही," कौसा मध्येच म्हणाली. "मी बटन लावत बठनी. मीच दिवस देखा नही. रोज मी सांगस, नि त्या दिवस मीच..."

"ती खोटं बोली ऱ्हायनी."

"मी खोटं नही..."

"बस करा!"

सिंधूच्या आवाजानं दोघंही थबकली. पितांबर पाटीलही डबा घेऊन जागीच उभे राहिले. सिंधू आधी पाणी प्यायली. सगळं प्यायली, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"तुम्हनं दोन्हीसनं ऐकीसन माले वाटस, पोर तुम्हनीच व्हती," ती म्हणाली. "तठे सासू म्हनस, लुगडामुळे. आठे तू म्हनस, नाकामुळे. ही म्हनस, बटनमुळे. जो उठस तो मन्ही पोर लई जास. ती मन्ही व्हती ना? मन्हा पोटमा व्हती. मी चुलाजोगे बठू ते लाथा मारे, नि आडवी पडनी का गप ऱ्हाये. तिना पाय आगोदर उनात. तू टाईमवर येता ते काय व्हतं, ते तुले ठाऊक नही, माले ठाऊक नही, कोनलेच ठाऊक नही. माले रडू द्या ना तिन्हासाठे! तुम्हीच समदा रडतस."

रस्त्यावरून एक बैलगाडी करकरत गेली.

"दादा," सिंधू हळू आवाजात म्हणाली, "महिनाभर तू जेवत नही म्हने. माय सांगे. आते ऐक. मन्ही पोरना नाववर हिन्हासंगे पाट लावू नको, दया उनी म्हनीसन. नि मन्ही पोरना नाववर हिले सोडू बी नको. तिना नाववर काहीच करू नका तुम्ही." तिचा आवाज फाटला. "तिले ते नाव बी नही आजून."

आता मात्र लोटन रडला. मोटारीच्या दारावर कपाळ टेकून, लहान पोरासारखा. कौसा रडली नाही. तिला इतके महिने वाटत होतं, की सिंधूचं मूल जगलं तर आपल्याला हक्क, गेलं तर नाही. जणू त्या इवल्या जिवानं जन्माला येऊन आधी हिचा निवाडा करायचा होता! तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेखाली जे उरलं ते अगदी साधं होतं. हा माणूस तिला हवा होता. पुण्य म्हणून नव्हे, प्रायश्चित्त म्हणून नव्हे. हवा होता, बस्स.

ती वडिलांकडे वळली.

"आबा..."

पितांबर पाटलांनी मान वर केली. सात वर्षं या माणसानं घराण्याचं नाव जपलं होतं. पाट हा शब्द त्यांच्या ओसरीवर कुणी काढला तर ते उठून आत जात. हे कौसाला माहीत होतं.

"आबा, माले लोटनसंगे पाट लावना शे. कोनी म्हने म्हनीसन नही. माले तो आवडस."

मुलीनं बापासमोर असं बोलायचं, तेही भर रस्त्यात, परक्या मोटारीपुढे! लोटननं डोळे पुसले आणि पाटलांपुढे हात जोडले. सिंधू चादरीतून बापलेकीकडे पाहत होती.

पाटलांनी हातातला डबा हळूच खाली ठेवला. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, नदीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, आणि किती तरी वेळानं मुलीच्या कपाळाकडे पाहिलं. तिकडे पाहायचं ते सात वर्षं टाळत आले होते.

"मंग आठे पेट्रोल कोन भरी?" ते म्हणाले, आणि त्यांची हनुवटी थरथरू लागली.

होकार द्यायला त्यांना दुसरे शब्द सापडणार नाहीत, हे कौसाला कळलं. ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली – मोठ्यानं, दारात, सगळ्या खापरला ऐकू जाईल अशी.